डाव्या बुटाची गाठ

“काढ, काढ लवकर, गार होतायत!”

कुंझेस माझ्यापुढे उकिडवी बसून माझ्या बुटाची लेस सोडत होती. मी बाकावर मागे रेलून धापा टाकत होते. तिने एक बूट ओढून काढला, लगेच त्यात स्वतःचा पाय घातला आणि डोळे मिटून म्हणाली, “तुझ्या पायात चूल आहे, रेवा.”

“आणि तुझ्या पायात फ्रिज,” मी म्हटलं.

स्केट्सचा जोड एक आणि आम्ही दोघी. लेहच्या वरच्या अंगाला एका गोठलेल्या तळ्यावर मुलींच्या आइस हॉकीचं शिबिर चाललं होतं. जानेवारी महिना, उणे अठरा. याच शिबिरातून भारताचा संघ निवडला जायचा होता. मी भोसरीची. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, चाकांच्या स्केट्सवर नऊ वर्षं हॉकी खेळलेली. बर्फाची आणि माझी ओळख रसवंतीपुरतीच. पुण्यात सेकंडहँड घेतलेला माझा आइस स्केट्सचा जोड तिसऱ्याच दिवशी थंडीने टाचेपाशी तडकला, आणि मी रडायच्या बेतात असताना या लडाखी मुलीने आपले बूट माझ्यापुढे ठेवले.

“घालून बघ. एक खेळेल, एक थांबेल. आमच्याकडे सगळे असंच शिकतात.”

माप एकच निघालं. नियमही एकच होता: बूट गार व्हायच्या आत दुसरीच्या पायात जायला हवेत. आमची भाषा म्हणजे तिची लडाखी वळणाची हिंदी आणि माझी भोसरीची हिंदी, दोन्ही सारख्याच दिव्य. म्हणून इथे सगळं मराठीतच सांगते.

लेस बांधणं तिच्याकडून शिकावं. हातमोजे दातात धरायचे, दहा-बारा झटके, गाठ, की उभी. मी एक बूट बांधेपर्यंत ती दोन्ही बांधून तळ्याला फेरी मारून यायची. पण त्याआधी एक गोष्ट ती कधी चुकवत नसे. बूट उलटा धरून अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवरून आडवं ओढायची. नखाचा बारीक पांढरा भुगा पडला की मान डोलवायची.

“माझे बाबापण अस्संच करतात,” मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेच.

बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात हत्यारांना धार लावायचे. सत्तावीस वर्षं तेच काम, दोन्ही अंगठ्यांची नखं कायम झिजलेली. लोकांचे वडील स्टेशनवर सांगतात, वेळेवर जेवत जा. आमचे म्हणाले, “धारेला दगड लागला की धार मेली, रेवती. लक्षात ठेव.”

आम्ही दोघी डिफेन्सच्या. म्हणजे आपल्या गोलाच्या पुढे राहून समोरच्यांना अडवायचं, आणि त्यासाठी निम्मा वेळ उलटं सरकायचं. हे काम जोडीने चालतं. आमच्या जोडीच्या पहिल्याच सामन्यात मी चुकीच्या बाजूला वळले, समोरची मुलगी मधून निघून गेली आणि गोल झाला. मी लगेच हात उंचावून कुंझेसकडे बोट दाखवलं. सवय हो! आमच्या पार्किंगमध्ये गोल झाला की चौघं चौघांकडे बोट दाखवायचे.

तिने माझं बोट हातात धरून खाली केलं.

“मागे आपण दोघीच असतो,” ती म्हणाली. “एकीने दुसरीकडे बोट दाखवलं, की तिसरी तेवढ्यात गोल करून जाते.”

“पण चूक माझीच होती,” मी ओशाळून म्हटलं.

“मग तर बोटाची गरजच नव्हती.” आणि ती हसली. ती हसली की डोळे पार नाहीसे व्हायचे.

आमचे प्रशिक्षक नोर्बू सर फौजेतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण बोलले की दगडावरची रेघ. पहिल्या सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, “तळ्याच्या काठाला सगळे खडे आहेत. बर्फापासून बाकापर्यंत रबरी मॅट टाकली आहे. स्केट्स घालून मॅटच्या बाहेर पाऊल पडलं, तर ती मुलगी त्याच दिवशी घरी. सगळ्या शिबिरात चांगले जोड अकरा आहेत आणि धार लावायचं मशीन एक.”

आम्हाला ती धमकी वाटली होती. सहाव्या दिवशी एक मुलगी फोनला रेंज मिळवायला म्हणून खड्यांवरून चार पावलं गेली. दुपारच्या गाडीत तिची बॅग होती. तिच्या आईचा फोन आला, तिने स्वतः सरांचे पाय धरले, पण उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून मला मॅटची धास्तीच बसली. चाकांवर मी काय नाही केलं? रस्ता, पायऱ्या, वाळू, काही वर्ज्य नव्हतं. स्केट्स न काढता मी वाण्याकडून दूध आणलंय. डोक्याला नियम पाठ होता, पायांना नव्हता.

शेवटच्या आदल्या दिवशी सरांनी यादी वाचली. डिफेन्सच्या सहा जागा. पाच नावं झाली आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

“सहावी जागा मगदूम किंवा कुंझेस. उद्या सकाळी दोघींची चाचणी घेईन.”

मगदूम म्हणजे मी. संध्याकाळी बुखारीच्या शेगडीपाशी बसून आम्ही दोघी गुरगुर चहा प्यायलो. खारट, लोण्याचा, मला एरवी घशाखाली उतरत नसे, त्या दिवशी चवच कळली नाही.

“हे माझं तिसरं वर्ष,” कुंझेस म्हणाली. “दोनदा शेवटच्या दिवशी यादीतून गेले. आता घरी सांगितलंय, या वर्षी नाही झालं तर स्केट्स धाकट्या भावाला.”

“बाबांनी सुपरवायझरशी भांडून रजा काढली आणि मला दिल्लीपर्यंत सोडायला आले,” मी म्हटलं. “परीक्षा बुडवून आलेय मी. आई अजून बोलत नाहीये. रिकाम्या हाताने गेले तर पुन्हा कुणी पाठवणार नाही.”

“मग दोघींनी चांगलं खेळू आणि सरांची झोप उडवू.”

तिला तसं म्हणता आलं. मला आतून नुसतं वाटत होतं, ही पडावी. देवा, उद्या ही पडावी. वाटलं ते वाटलं, आता खोटं कशाला सांगू!

सकाळी आम्ही दोघींनीही काही खाल्लं नाही. तळ्यावर ऊन यायच्या आत चाचणी संपवायला हवी होती, कारण ऊन चढलं की बर्फाचा वरचा थर मऊ पडतो. चिठ्ठीत माझं नाव आधी निघालं. चाचणी अशी: मधल्या रेषेपासून उलटं सरकत यायचं, समोरून एक मुलगी रबरी चकती घेऊन अंगावर येणार, तिला आडबाजूला रेटत न्यायचं, आणि शेवटी झपकन वळून लाल खुंटीपाशी जागच्या जागी थांबायचं. तीन वेळा.

माझी तिन्ही वेळा साधली. कशी, ते मला आजही सांगता यायचं नाही. तिसऱ्या वेळी मी थांबले तेव्हा पात्याखालून बर्फाचा फवारा उडून खुंटीवर पडला आणि बाकावरच्या मुलींनी हॉकी स्टिका आपटल्या. कुंझेसही आपटत होती.

मी मॅटवरून बाकापाशी आले. कुंझेस तेवढ्यापुरती पलीकडे हातमोजे आणायला गेली होती. इतक्यात सरांची हाक आली.

“मगदूम! तुझ्या जन्मदाखल्याची झेरॉक्स कुठे आहे? फाइलमध्ये दिसत नाही.”

त्यांचं टेबल तंबूच्या तोंडाशी, बाकापासून सात-आठ पावलांवर. ते मान खाली घालून कागद उलटत होते. जनरेटर धडधडत होता. मी म्हटलं, “आहे सर, पासपोर्टच्या मागे आहे,” आणि गेले.

गेले म्हणजे काय, चालत गेले. पाय गेले. पाचव्या पावलाला आवाज कानात शिरला, करर्र, करर्र. धारेला दगड लागल्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. बाबांना डबा द्यायला जायचे तेव्हा कारखान्याच्या दारातूनच कळायचं कुणाच्या हातून हत्यार खराब झालं ते. उरलेली दोन पावलं टाकून मी टेबलाखालच्या सतरंजीवर उभी राहिले.

सरांनी मान वर केली नाही. “हां, मिळाली,” म्हणाले. “जा.”

मी तिथेच खाली बसले आणि बूट काढले. उजव्या पात्याच्या आतल्या कडेला, बरोबर जिथे वळताना आणि थांबताना सगळं वजन पडतं तिथे, बोटभर लांबीत कड पार बसली होती. डाव्याला दोन खाचा. मी नख लावून पाहिलं. नख नुसतं घसरत गेलं.

बूट हातात धरून, मोज्यांवर, खड्यांतून मी परत आले. तळवे भाजल्यासारखे होत होते. कुंझेस बाकावर येऊन बसली होती.

“मोज्यांवर कुठे गेली होतीस?”

“सरांनी बोलावलं. झेरॉक्स.”

“मग बूट इथे ठेवून जायचे. पाय मरतील तुझे.” तिने माझ्या हातातून बूट घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. “धार ठीक आहे?”

धार लावायचं मशीन तंबूत होतं. जनरेटर चालू होता. दहा मिनिटांचं काम. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नाही, मी खड्यांवर गेले होते. आणि मग दुपारच्या गाडीत माझी बॅग.

“ठीक आहे,” मी म्हटलं.

तिने बूट उलटा केला. मी मान फिरवली आणि हेल्मेटचा पट्टा उघडत-लावत बसले. ती नख ओढते की नाही, भुगा पडतो की नाही, मला पाहायचंच नव्हतं. मी मूग गिळून समोरच्या डोंगराकडे बघत होते. डोंगरावर ऊन उतरत उतरत खाली येत होतं.

त्या दिवशी तिला लेस बांधायला फार वेळ लागला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तिचे हात दिसत होते. उजवा बूट बांधला. डावा बांधला, मग सोडला. बुटाची जीभ नीट केली, पुन्हा बांधायला घेतला. वरच्या दोन भोकांशी थांबली. पुन्हा सोडला. बोटं गारठली असतील, असं मला वाटलं. घाबरली असेल, असंही वाटलं, आणि त्याचं मला बरं वाटलं.

“कुंझेस! ऊन आलं!” सर ओरडले.

तिने गाठ मारली. उभी राहिली. माझ्या हेल्मेटवर हलकी टपली मारली आणि मॅटवरून बर्फावर गेली.

पहिल्या वेळी ती जमेल तशी थांबली. खुंटीच्या दोन हात पुढे गेली. सरांनी भुवई उचलली. दुसऱ्या वेळी तिने वजन सगळं बाहेरच्या कडेवर घेतलं, वेडंवाकडं, पण अडवलं. मी मनात म्हणत होते, आता सांग, आता सांग, एकच उरलीय. तिसऱ्या वेळी समोरून येणारी मुलगी जोरात आली. कुंझेस वळली, उजवा पाय रोवायला गेली, आणि पाय खालून असा निघून गेला की जणू तिथे बर्फ नव्हताच. ती कडेच्या लाकडी फळ्यांवर आपटली. हात पुढे केलेला होता. आवाज बाकापर्यंत आला.

सर धावले. मीही धावले, मॅट संपेपर्यंत. ती मनगट पोटाशी धरून बसली होती, चेहरा पांढराफटक.

“धार तपासली नव्हतीस?” सरांनी विचारलं.

“तपासली होती, सर.”

“मग?”

“माझं वजन चुकलं.”

मनगटाचं हाड मोडलं होतं. दुपारच्या गाडीत तिची बॅग गेली. जाताना तिने स्केट्स माझ्या पुढ्यात ठेवले. “तुला लागतील. भाऊ अजून लहान आहे,” म्हणाली. मी बाबांना फोन लावला. त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. मग हळूच विचारलं, “धार कशी राहिली गं?” मी म्हटलं, चांगली राहिली.

तिथून पुढची चौदा वर्षं सांगायला फार वेळ लागत नाही. आठ वर्षं देशाकडून खेळले, दोनदा उपकर्णधार. परदेशातल्या एका छोट्या गावच्या क्लबने मला पगारावर घेतलं. तिथे दोन हंगाम काढले, दोन दात घालवले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, परत आले. पेपरात फोटो आले. प्रत्येक मुलाखतीत मी बाबांच्या धारेची गोष्ट सांगायचे आणि लोकांना ती आवडायची. कुंझेसचं नाव मी कधी घेतलं नाही. तिचे मेसेज यायचे, ‘जुले रेवा, सामना पाहिला, मस्त’. मी उलट एक हसरा चेहरा पाठवायचे. लेहचं शिबिर असलं की माझा गुडघा नेमका दुखायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी स्वतःची समजूत घातली होती. ती म्हणालीच ना, धार तपासली होती. म्हणजे ठीक असणार. म्हणजे तिचं वजनच चुकलं असणार. हाताला लागलेली खाच मी विसरायचा प्रयत्न करत होते.

गेल्या हिवाळ्यात मला प्रशिक्षक म्हणून त्याच तळ्यावर पाठवलं. आता गुडघ्याची सबब चालण्यासारखी नव्हती. तळ्याकाठी पत्र्याची शेड झाली आहे. आत धार लावायची दोन मशीनं, आणि त्यांच्यामागे कानावर लोकरी टोपी ओढून कुंझेस. बाजारात तिचं स्केट्सचं दुकान आहे, शिबिराचं धारेचं कामही तिच्याकडेच असतं. जाडजूड झाली आहे. उजवं मनगट थोडं वाकडं राहिलंय. मला बघून हसली आणि डोळे नाहीसे झाले.

“आण तुझे,” तिने हात पुढे केला. “परदेशी लोकांनी काय धार लावलीय बघू.”

तिने बूट उलटा करून नख ओढलं. भुगा पडला. मान डोलवली. तरी मशीनवर घेतला. मी शेजारच्या खोक्यावर बसले. चौदा वर्षांत एवढी भीती मला कुठल्याच सामन्याआधी वाटली नव्हती.

“कुंझेस, त्या दिवशी मी खड्यांवर गेले होते. स्केट्स घालून.”

मशीन थांबलं नाही. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“नख घसरलं तेव्हापासून. आणि तू मोज्यांवर आलीस.”

“मग सरांना का नाही सांगितलंस? दहा मिनिटांत मशीनवर झालं असतं.”

“आणि तू घरी गेली असतीस.” तिने पातं दिव्यापुढे धरून पाहिलं, पुन्हा दगडाला लावलं. “फार चांगली नव्हते हं मी. थोडा गर्वपण होता. बोथट पात्यावर मी कितीदा खेळले होते, वाटलं आजही जमेल. दोनदा जमलंही.”

मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर कामाकडे वळवली.

“एक विचारू?” मी म्हटलं. “त्या दिवशी तुला लेस बांधायला एवढा वेळ का लागला?”

आता तिने मशीन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. बाहेर मुलींच्या स्टिकांचे आवाज येत होते.

“तू बोलशील असं वाटत होतं,” ती म्हणाली.

तिने फडकं उचललं.

“डाव्या बुटाची दुसरी गाठ मारेपर्यंत वाटत होतं.”

तिने फडक्याने पाती पुसली, दोन्ही बुटांच्या पात्यांवर रबरी कव्हरं चढवली, हाताने दाबून बघितली. मग बूट माझ्या मांडीवर ठेवले.

“जा, मुली थांबल्यात तुझ्या,” ती म्हणाली. “आणि मॅटवरून जा.”